गाडीतून उतरायचं नाही

कर्जत तालुक्यातल्या त्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला मी रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि आपल्याला बहुतेक सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. माहेर नगरचं. घर ख्रिस्ती, वडील शिक्षक. दर आठवड्याला त्यांचं पोस्टकार्ड यायचं आणि त्यात एक प्रश्न ठरलेला असायचा : रविवारच्या उपासनेचं काय करतेस? गावात चर्च नव्हतं. मी कळवायचे, माळावर जाते. त्यांना वाटायचं मी चेष्टा करते.

पण मी खरोखरच माळावर जात होते. गाव संपलं की लगेच माळ सुरू व्हायचा. मुरमाड जमीन, गुडघाभर कुसळी गवत, मधेमधे हिवराची आणि बोरीची झाडं. पहिल्याच महिन्यात मला तिथं काळवीट दिसला. पाठ काळीभोर, पोट पांढरं, पिळाची शिंगं मागं टाकलेली. त्याच्या मागं पंधरा-वीस माद्या. मी शहरातली, पुस्तकात पाहिलेलं जनावर असं समोर उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्याआल्या मी ते सांगितलं. मुलं नुसती बघत राहिली. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, ती रोजच असत्यात. आमचा हरभरा खात्यात."

तेवढ्यावर मी ठरवलं की आठवीचा सगळा वर्ग माळावर न्यायचा. जनावर बघायचं कसं, हे या मुलांना शिकवलं पाहिजे. मला स्वतःला ते येतं का, हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नाही.

संक्रांत होऊन काही दिवस झाले होते. चाळीसएक मुलं, शाळेचा शिपाई आणि मी, असे रांगेनं निघालो. रांग दहा मिनिटंही टिकली नाही. आरडाओरडा, बोरांवर दगड, एकमेकांना हाका. कळप लांबूनच उधळला आणि मुलांना त्याची पांढरी ढुंगणं तेवढी दिसली. मी हिरमुसले. एवढ्यात गवतात वाकलेली एक मुलगी ओरडली, "बाई, पिल्लू!"

पाडस होतं. एक-दोन दिवसांचं असेल. पाय पोटाशी घेऊन, मान जमिनीला चिकटवून पडलं होतं. सगळा वर्ग भोवती जमला. कुणी उचललं, कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी डब्याच्या झाकणात पाणी धरलं. पाडस या हातातून त्या हातात फिरत शेवटी माझ्या मांडीवर आलं. हाताखाली त्याचं काळीज इतकं उडत होतं की ठोके मोजता येत नव्हते. आणि मी मुलांना सांगत होते की लहान प्राण्यांच्या हृदयाचे ठोके जलद असतात.

"बाई, ठिवा त्याला खाली."

मागं एक म्हातारा उभा होता. बारीक अंगाचा, डोक्याला विटलेलं मुंडासं, हातात बैलाची वेसण. बैलासकट तो एवढ्या जवळ आला तरी आमच्यापैकी कुणालाही पावलाचा आवाज आला नव्हता.

"उचललं कुटनं?" त्यानं विचारलं.

मुलीनं जागा दाखवली.

"तितंच ठिवा. तसंच. आन पोरं माघारी लावा. आय बगतीया त्याची."

"कुठं आहे?"

"त्या हिवराच्या पल्याड. तुमाला न्हाई दिसायची."

आवाज चढलेला नव्हता, पण त्यात दुसऱ्या उत्तराला जागा नव्हती. मी पाडस ठेवलं. मुलांना शिपायाबरोबर गावात धाडलं. मला मात्र जाववेना. "मी थांबू का?" असं मी विचारलं. त्यानं माझ्याकडं जरा बघितलं आणि बैलाच्या आडून चालायला सांगितलं. बैल चरत चरत पुढं जायचा, आम्ही त्याच्या आडोशानं. बरंच लांब जाऊन एका बोरीखाली आम्ही बसलो.

मादी आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पाडसाजवळ येऊन तिनं हुंगलं आणि ती मागं सरली. चाळीस जणांच्या हातांचा वास होता तो. ती लांब जाऊन उभी राहिली. परत आली, हुंगलं, परत गेली. आयुष्यात एवढी प्रार्थना मी कुठल्या चर्चमध्येही केली नव्हती. तिसऱ्या वेळेला तिनं पाडसाला चाटायला सुरुवात केली. ते लटपटत उभं राहिलं आणि तिच्या पोटाखाली शिरलं.

"घेतलं," म्हातारा म्हणाला. "समद्याच घेत न्हाईत."

"नसतं घेतलं तर?"

"लांडगं हाईत की."

येताना मी विचारलं, तुम्हाला हे सगळं कसं माहीत? तो म्हणाला, "मी फासेपारधी, बाई. आमच्या बापानं बैल शिकवल्याला हुता, असाच. बैलाच्या आडनं जायाचं आन फासं लावायचं. ह्येंच्यावरच जगलो आमी. आता न्हाई करत. आता लोकांच्या रानात राखनीला जातो. हीच जनावरं हाकलायला."

मी त्यांना मामा म्हणायला लागले ती त्या संध्याकाळपासून. गावात त्यांना कुणी 'अहो' म्हणत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडं गेले आणि सांगितलं की यापुढं माळावरची सहल मामांच्या सांगण्याप्रमाणं निघेल. मुख्याध्यापक चांगले होते, पण भिडस्त. गावाला जपायचे, वरच्यांना जपायचे.

"पारध्याबरोबर मुलं पाठवायची?" ते म्हणाले. "उद्या काही झालं तर पाटील मला धरेल."

"काल मुलं कुणाबरोबर गेली होती, सर? जिला काहीच येत नाही अशा बाईबरोबर. त्यात कुणाला भीती वाटली नाही."

ते बराच वेळ पेन्सिलीशी खेळत राहिले. मग म्हणाले, "जबाबदारी तुमची."

"माझीच."

आम्ही कामाला लागलो. मामांना मजुरी मिळेल, त्यांना कुणी फुकट राबवणार नाही, हे मी आधी ठरवून घेतलं. मग वही घेऊन त्यांच्या समोर बसले आणि म्हटलं, नियम सांगा. ते हसले. नियम असा शब्द त्यांच्याकडं नव्हताच. त्यांच्याकडं होतं ते असं : पायी जायचं नाही, बैलगाडीतून जायचं. गाडी रोज रानात जाते, जनावर तिला भीत नाही. गाडीतून माणूस खाली उतरला की ते पळतं. म्हणून काही झालं तरी उतरायचं नाही. गाडीत आठाच्या वर माणूस नको. वारं तोंडावर घ्यायचं, पाठीवर नाही.

"आणि किती जवळ जायचं?" मी विचारलं. मला फुटात उत्तर हवं होतं.

"ते जनावर सांगतं. चरत हाय तवर ठीक. चरायचं थांबून त्यानं मान वर केली, म्हंजी आपन लई जवळ आलो. मग थांबायचं. तरीबी त्यो चरंना, तर माघारी."

मी ते वहीत लिहून घेतलं. जीवशास्त्राचं एवढं चांगलं वाक्य मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

पाडसांच्या दिवसांत गवताच्या बाजूला फिरकायचं नाही, कुणाच्या पिकातून गाडी घालायची नाही, हेही ठरलं. गाडी दिली एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी. "माझा हरभरा खाणारी जनावरं बघायला माझीच गाडी," ते म्हणाले. पण दिली, आणि पहिल्या फेरीला स्वतः बसून आले. घरी गेल्यावर बायकोला म्हणाले म्हणे, एवढ्या वर्षांत मी त्यांच्याकडं दगड मारण्यापुरतंच बघितलं.

वर्षभरात ही गोष्ट बाहेर पसरली. आधी नगरचे शिक्षक आले, मग पुण्याहून माणसं यायला लागली. एसटीनं यायची, शाळेच्या ओसरीवर बसायची. मी त्यांना नियम सांगायचे आणि मामा नुसते शेजारी उभे राहायचे. एकदा गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ आले होते. वाटेत त्यांनी "एक मिनिट" म्हणत पाय खाली टाकला. ते परत गाडीत चढेपर्यंत मामा थांबले आणि मग त्यांनी बैल गावाकडं वळवले.

"अहो, परत कुठं? अजून तासही झाला नाही."

"उतरलासा न्हवं," मामा म्हणाले. "झालं."

कॅमेरेवाल्यांनी माझ्याकडं बघितलं. मी माळाकडं बघत राहिले. बाकीच्या पाच जणांनी त्या गृहस्थांना वाटभर जे ऐकवलं, ते आमच्यानं कधी बोलवलं नसतं.

मग दुष्काळ आला. एक पावसाळा कसाबसा गेला होता, दुसरा आलाच नाही. गवत मुळापासून वाळलं. विहिरींचे तळ दिसले. माझा निम्मा वर्ग आईबापांबरोबर खडी फोडायला गेला आणि उरलेला निम्मा दुपारी वाटल्या जाणाऱ्या सुकडीसाठी शाळेत येत राहिला. मलाही त्यांना फार काही शिकवावंसं वाटत नव्हतं. सहली मी आपोआपच बंद केल्या होत्या.

माळावर एकाच ठिकाणी पाणी उरलं होतं. ओढ्याच्या वळणावर, एका कातळाच्या पोटाला, खाटेएवढं डबकं. आसपासची सगळी काळविटं पहाटे तिथं उतरायची. मामांनी सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे आता सगळी एकाच जागी दिसतील."

"म्हूनच जायाचं न्हाई," मामा म्हणाले. "आता त्येंच्यात पळायचं बळ न्हाई. न पिता पळाली तर दुपारपातूर टिकायची न्हाईत."

एवढ्या दिवसांनंतरही माझ्या मनात आधी बघण्याचाच विचार आला होता.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. दुष्काळी कामांवर देखरेख करणारे एक साहेब दौऱ्यावर येणार होते, कुटुंबाला घेऊन. एक रात्र शाळेत मुक्काम. त्यांना काळवीट बघायचे होते.

"आपली विहीर आटलीय," मुख्याध्यापक म्हणाले. "टँकर कुठं जायचा ते या साहेबांच्या शब्दावर आहे. पाणवठ्यावर न्या, बास. अर्ध्या तासाचं काम."

"नाही, सर."

"बाई, मी मुलांच्या पाण्याचं बोलतोय."

"मला कळतंय. टँकर मागायला मी तुमच्याबरोबर येते. पण पाणवठ्यावर कुणाला नेणार नाही. मामाही नेणार नाहीत."

"मग मीच नेतो," ते म्हणाले. ओढा त्यांना माहीत होता.

संध्याकाळी जीप आली. साहेब चाळिशीचे, बोलायला मोकळे. बरोबर पत्नी आणि आई. आई नऊवारीतली, थकलेली, ओसरीवर भिंतीला टेकून बसली. चहा झाल्यावर मी साहेबांना सरळच सांगितलं की उद्या पाण्यावर जाऊ नका, आणि का ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते हसले.

"बाई, आम्ही काही शिकारी नाही. लांबून बघू."

"शिकारी नसलात तरी जीप ती जीपच," मी म्हटलं.

मुख्याध्यापक घाईनं दुसरं काहीतरी बोलायला लागले. त्या आजी मात्र माझ्याकडं बघत होत्या.

उजाडायच्या आत जीप गेली. आजी थकव्यामुळं मागं राहिल्या. दहाच्या सुमाराला जीप परत आली तेव्हा सगळे धुळीनं भरले होते. साहेब उतरता उतरताच म्हणाले, "कामावर जाऊन आलो. त्याआधी दोन तास पाण्यावर थांबलो. एक जनावर नाही तिथं."

मामा ओसरीच्या पायरीपाशी उभे होते. पहाटेपासून ते टेकडावर होते आणि नुकतेच खाली आले होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण ते बोलले.

"हुती, सायेब. साठ-सत्तर हुती. वड्याच्या वरच्या अंगाला. तुमी कवा उटताय म्हून वाट बगत उनात हुबी हुती. तुमी गेलासा तवा खाली आली. एक मादी बसली हुती, ती उटली न्हाई."

साहेबांच्या पत्नीनं चेहरा पुसायला घेतलेला पदर तसाच धरला. मुख्याध्यापक जमिनीकडं बघत होते. मला त्या क्षणी जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. मला माझ्या मांडीवरचं पाडस आठवत होतं, आणि साहेबांपेक्षा मी शहाणी आहे असं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

आजीच बोलल्या. "मला न्याल का तुम्ही? त्यांना त्रास होणार नाही अशा जागेवर. दिसलं तर दिसलं."

मामांनी विचार केला. "टेकडावनं. लई लांबनं. आन लई येळ बसावं लागंल, आजी."

"मी आता बसण्याशिवाय दुसरं काय करते?"

साहेबांनी मुक्काम एक दिवस वाढवला. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीत आजी, साहेब, मामा आणि मी, एवढेच होतो. मामांनी गाडी ओढ्याकडं नेलीच नाही. टेकडाला लांबून वळसा घालून, वारं तोंडावर घेत मागच्या अंगानं चढवली आणि एका हिवराखाली बैल सोडले. तिथून ओढ्याचं वळण दिसत होतं, पण एवढ्या लांब की पाणी म्हणजे नुसता एक चकाकता ठिपका. माझ्याजवळ शाळेची जुनी दुर्बीण होती. ती मी आजींच्या हातात दिली.

गाडीतच बसून राहिलो. साहेबांची चुळबुळ चालू होती. आजी मात्र गुडघे चोळत, न कण्हता बसल्या होत्या. फटफटलं आणि समोरच्या उतारावरची माती हलल्यासारखी वाटली. जनावरं उतरत होती. एक, मग चार, मग सगळा उतार भरून. मला आधी आनंद झाला नाही. एवढ्या लांबूनही त्यांची चाल ओढल्यासारखी दिसत होती.

आजींनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. खूप वेळानं त्या अगदी हळू म्हणाल्या, "एक घोट घेते की मान वर. परत एक घोट, परत मान वर. सुखानं पिता येत नाही बिचारीला." आणि दुर्बीण त्यांनी मुलाच्या हातात दिली.

साहेबांनी बघितलं. त्याच वेळी खालून, ओढ्याच्या कडेनं, खडीचा पहिला ट्रक आला. कामाचा रस्ता तिथूनच काढला होता. सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि निम्मी जनावरं न पिताच उताराला लागली. साहेबांनी दुर्बीण खाली घेतली आणि घड्याळात बघितलं.

"हा ट्रक रोज या वेळेला येतो का?" त्यांनी मामांना विचारलं. पहिल्यांदाच ते मामांशी बोलत होते.

"रोज, सायेब. ह्याच्या मागनं आनखी दोन."

शाळेपाशी आईला हात देऊन साहेबांनी उतरवलं आणि मामांना नमस्कार केला. बोलण्यात कसलंही आश्वासन नव्हतं. पण पंधरवड्याच्या आत खडीच्या ट्रकांची वाट टेकडाच्या पलीकडून गेली. मजुरांना त्यामुळं जास्त चालावं लागू नये म्हणून त्यांची पालंही तिकडंच हलवली गेली, आणि त्या बाजूच्या एका विहिरीचा गाळ काढून घेतला गेला. टँकर शाळेलाही आला, गावाच्या इतर आळ्यांना आला तसाच, पाळीनं. मुख्याध्यापक माझ्याकडं येऊन एवढंच म्हणाले, "टँकर आला." मी म्हटलं, "हो, सर." आम्हा दोघांनाही ते पुरलं.

पुढच्या पावसाळ्यात माळ हिरवा झाला. कळप लहान झाले होते, पण होते. सहली पुन्हा सुरू झाल्या तेव्हा ओसरीवर बोलायला मी उभी राहिले नाही; मामांना म्हटलं, तुम्हीच सांगा. पहिल्या दिवशी ते अवघडले. तिसऱ्या रविवारी तर ते मला आवरेनात. पिकं राखताना, फासे लावताना जे जे बघितलं होतं ते सगळं ते सांगायचे, फासे कसे लावायचे तेही, काही न लपवता. लोक माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकायचे. एका रविवारी मुख्याध्यापकही आले आणि मांडी घालून गाडीत मुलांमध्ये बसले. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, "मामा, हळू आवाजात बोललं तर चालेल का?"

"न्हाई," मामा म्हणाले, आणि सर दोन तास गप्प बसले.

पुढं माझं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडून नगरला परतले. वर्षभरानं मी नवऱ्याला घेऊन मुद्दाम त्या गावी गेले. एसटीतून उतरल्यावर नव्या पोलीस पाटलांनी आपणहून विचारलं, "काळवीट बघायला आलात? मग मामांकडं जा. त्यांच्याशिवाय इथं कुणी जात नाही." त्यांनी घराची वाट दाखवली. मामांचं पाल होतं त्या जागी आता दगडमातीचं घर उभं होतं.

मामांनी आम्हाला अंगणात बसवलं, गूळपाणी दिलं. नवऱ्याला नीट न्याहाळून घेतलं. मग म्हणाले, "आज न्हाई जायाचं, बाई. सकाळी एक गाडी जाऊन आली. एका दिसाला एकच."

"हे कधी ठरलं?" मी विचारलं. माझ्या वहीत ते नव्हतं.

"तुमी गेल्यावर. मीच ठरावलं. मानसं लई यायला लागली."

नवरा माझ्याकडं बघत होता. याच माणसाबद्दल मी त्याला वाटभर सांगत आले होते. मी हसले आणि चपला काढून आत जाऊन बसले. मामींनी भाकरी आणि ठेचा वाढला. दुपारभर गप्पा झाल्या आणि संध्याकाळच्या एसटीनं आम्ही नगरला निघालो.